प्रत्येक पेशंटपुढे ‘श्वास 20’ लिहायचं थांबव

वाचकाचं पत्र

ताई, मी जीएनएम केलंय आणि तालुक्याच्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. नाईटला मजल्यावर मी एकटी, सोबत एक मावशी. गेल्या महिन्यात अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालेले एक पेशंट होते. वय 46, ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. दहा वाजता नाडी 96, बीपी 118/76, ताप 99.4, सॅच्युरेशन 97. दोन वाजता नाडी 112, बीपी 108/70, ताप 100.2, सॅच्युरेशन 94. श्वास दोन्ही वेळी 20 लिहिले. खरं सांगते, मोजले नव्हते. ते सारखे उठून बसत होते, सलाईनच्या नळीला हात घालत होते, बोलताना मध्येच थांबत होते, आणि ‘मळ्यातली मोटर बंद केली का’ असं मलाच विचारत होते. त्यांची बायको म्हणाली, ‘सिस्टर, हे असं कधी करत नाहीत.’ मी आरएमओ सरांना (ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) फोन करून ‘पेशंट अस्वस्थ आहे’ म्हटलं. ते म्हणाले, ‘दुखत असेल, पेनकिलर दे, झोपू दे.’ साडेपाचला बीपी 84/50, नाडी 134. मग सगळी धावपळ, जिल्ह्याला शिफ्ट केलं, पुन्हा पोट उघडावं लागलं. पेशंट वाचले. पण मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुला रात्रभर काहीच कळलं नाही का?’ ताई, बीपी तर नॉर्मल होतं. मला कसं कळणार? आणि सारखा फोन केला तर ओरडा बसतो, त्याचं काय करू?
– एक स्टाफ नर्स, मराठवाडा

उत्तर

अगं, तुला कळलं होतं. म्हणून तर रात्री दोन वाजता तू फोन उचललास. त्यांच्या बायकोलाही कळलं होतं. पण तुला जे दिसत होतं ते फोनच्या पलीकडे पोचलं नाही, कारण ‘अस्वस्थ आहे’ या दोन शब्दांवर झोपेतून उठलेला माणूस जिना चढून येत नाही. त्याला आकडा लागतो. तो आकडा त्या पेशंटच्या छातीवर अख्खी रात्र हलत होता आणि तुमच्या चार्टवर त्याच्या जागी 20 लिहिलेलं होतं.

तुला बोल लावायला हे लिहीत नाहीये. मी सिस्टर ट्यूटर म्हणून नोकरी केली, कितीतरी वॉर्डांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट डोळ्यांखालून घातले. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, आणि श्वासाच्या रांगेत बेड एकपासून शेवटच्या बेडपर्यंत 18, 20, 18, 20. खासगीत तेच, सरकारीत तेच, परदेशातही तेच. 2008 साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख आला, त्यात श्वसनाच्या गतीला दुर्लक्षित राहिलेली खूण म्हटलं होतं. सगळीकडे चालतं म्हणून ते चालवून घ्यायचं नाही, कारण बिघडणारा पेशंट बहुतेक वेळा आधी श्वासातून सांगतो.

आता तुझ्या ‘बीपी तर नॉर्मल होतं’ या वाक्याकडे येते, कारण खरी अडचण तिथेच आहे. बीपी ही शरीर सगळ्यात शेवटी सोडतं अशी गोष्ट आहे. घरात पैसा संपत आला तरी पाहुण्यांपुढे चहा येतोच, तसं. पोटात पू साठतोय, जंतू रक्तात शिरलेत, संसर्गाने सगळं शरीरच बिघडायला लागलंय (यालाच सेप्सिस म्हणतात), तरी शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदय पळवतं, मूत्रपिंडाकडचं रक्त कमी करतं आणि बीपी धरून ठेवतं. धडधाकट, शेतात राबणाऱ्या माणसात तर फारच वेळ धरून ठेवतं. म्हणून हातपाय गार लागतात, लघवी कमी होते, नाडी वाढते आणि बीपीचा आकडा मात्र 108 दाखवत राहतो. तो पडतो तेव्हा झपाट्याने पडतो, आणि तोवर सगळ्यात मोलाचे तास निघून गेलेले असतात.

श्वास आधी का वाढतो? पेशींना प्राणवायू पुरा पडेना की रक्तात आम्ल साठायला लागतं. ते कमी करायला शरीराकडे झटपट असा एकच उपाय असतो, जास्त श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. फुप्फुसात काहीही बिघाड नसलेला, ऑपरेशन पोटाचं झालेला पेशंट म्हणूनच धापा टाकतो. तुझे पेशंट बोलताना मध्येच थांबत होते, हे तूच लिहिलंयस. वाक्य पुरं करायला दम पुरत नसेल तर श्वास 20 नक्कीच नसणार.

मोजायचा कसा, ते नीट सांगते. नाडी बघायला मनगट धर. नाडी मोजून झाली की हात सोडू नकोस, तसाच धरून ठेव आणि नजर छाती-पोटाकडे वळव. ‘आता श्वास मोजते हं’ असं अजिबात म्हणू नकोस, माणूस लगेच श्वास बदलतो. चादर गळ्यापर्यंत ओढलेली असेल तर खाली कर. रात्रीच्या मंद दिव्यात हालचाल दिसत नसेल तर पेशंटचाच हात त्याच्या पोटाच्या वरच्या भागावर अलगद ठेव, टाके सांभाळून, आणि त्यावर तुझा हात ठेव. मग घड्याळात पूर्ण 60 सेकंद मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय मला पसंत नाही. त्यात एका श्वासाची गफलत चारची होते, आणि 20 आणि 24 हे दोन फार वेगळे पेशंट आहेत. मोजताना आणखी एक गोष्ट आपोआप होते. तू पूर्ण एक मिनिट त्या माणसाकडे बघतेस. मानेचे स्नायू ओढले जातायत का, ओठांचा रंग कसा आहे, घाम आहे का, हात गार आहे का, हे सगळं त्या मिनिटात दिसतं. मशीन लावून पुढच्या बेडकडे गेलीस तर यातलं काही दिसत नाही.

आता तुझ्याच आकड्यांवर एक हिशेब मांडू. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने 2012 साली ‘न्यूज’ नावाची गुणपद्धती काढली आणि 2017 मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आणली. न्यूज म्हणजे नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. मोठं काही नाही. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय की नाही, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, या सात गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. जितकी बेरीज जास्त तितका पेशंट धोक्यात. यंत्र लागत नाही, एक छापील कागद आणि पेन पुरतं.

तुझ्या पेशंटला दहा वाजता नाडी 96 चा 1 गुण, बाकी सगळ्याला शून्य. बेरीज 1. दोन वाजता नाडी 112 चे 2, बीपी 108 चा 1, सॅच्युरेशन 94 चा 1, तापाला शून्य, आणि लिहिलेल्या 20 श्वासांना शून्य. बेरीज 4. या पद्धतीत 4 म्हणजे चार ते सहा तासांनी परत बघा, इतकंच. कागदावर तुझा पेशंट खरंच बरा दिसत होता!

पण श्वास 25 किंवा जास्त असते तर त्याचे 3 गुण झाले असते आणि बेरीज 7. सातला नियम असा, की तातडीने अनुभवी डॉक्टर बोलवा आणि पेशंटवर सतत नजर ठेवा. आणि ‘मळ्यातली मोटर बंद केली का’ हा प्रश्न? सुधारलेल्या आवृत्तीत, पेशंट नव्यानेच गोंधळला असेल तर त्या एका खुणेलाच 3 गुण आहेत. कुठल्याही एका खुणेला 3 मिळाले, तर बेरीज कितीही असो, डॉक्टरांनी येऊन बघायचं आणि निदान तासातासाला मोजत राहायचं. म्हणजे श्वास बाजूला ठेवला तरी नुसत्या त्या प्रश्नाने फोन करायचा हक्क तुला मिळत होता. दोन्ही धरले तर बेरीज 10 होते. 4 आणि 10 यांमध्ये फक्त दोन रकाने आहेत, आणि त्या दोन्हींना मशीन लागत नाही.

बेरीज न करताही एक गोष्ट तुझ्या चार्टवर दिसते. दहा वाजता नाडी 96 आणि वरचं बीपी 118. दोन वाजता नाडी 112 आणि बीपी 108. नाडीचा आकडा बीपीच्या आकड्याच्या पुढे गेला. मोठ्या माणसात एरवी नाडी बीपीपेक्षा बरीच खाली असते. ही उलटापालट दिसली की थांबायचं. सुटा सुटा बघितला तर 112 ही काही भयंकर नाडी नाही आणि 108 हे काही वाईट बीपी नाही. म्हणून कुठलाही आकडा लिहिताना त्याच्या आधीचा आकडा बघायची सवय लाव. आणि युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी? तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर मोठ्या माणसाला तासाला वजनाच्या किलोमागे निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. 60 किलोचा माणूस असेल तर चार तासांत 120 मिली. दर वेळी वाकून बॅगेवरच्या खुणा बघ आणि लिही.

पेनकिलरबद्दलही सांगते, कारण ‘दुखत असेल’ हे उत्तर तुला पुढेही मिळणार आहे. दुखण्याने नाडी आणि श्वास वाढतात, हे खरंच आहे. म्हणून इंजेक्शन दे आणि अर्ध्या तासाने परत मोज. दुखणं कमी झालं म्हणतात पण नाडी-श्वास तिथेच आहेत, तर कारण दुसरं आहे. आणि इंजेक्शननंतर पेशंट ‘शांत झोपला’ तर एकदा हाक मारून बघ. झोपलेला माणूस हाकेला ओ देतो. ग्लानीतला देत नाही, किंवा ओ देऊन लगेच डोळे मिटतो. ट्रमाडॉल-मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी श्वास मंदावतात. 8 किंवा त्याहून कमी श्वासांनाही 3 गुण आहेत. अशा पेशंटला ऑक्सिजन चालू असेल तर सॅच्युरेशन बराच वेळ 98 दाखवत राहील, आणि तेवढ्याने फसायला होतं.

सॅच्युरेशनच्या मीटरवर आपला विश्वास कोविडपासून फार बसलाय. तो उपयोगी आहे, पण त्याचा आकडा ऑक्सिजन किती लिटर चालू आहे हे न लिहिता लिहू नकोस. पाच लिटरवरचे 96 आणि साध्या हवेतले 96 सारखे नाहीत. न्यूजमध्ये म्हणूनच ऑक्सिजन लावलेल्याला सरळ 2 गुण वाढतात. गार बोटं, नेलपॉलिश, हलणारा हात यांनी मीटर चुकतो हे तुला माहीतच आहे. सावळ्या-काळ्या त्वचेवरही तो चुकू शकतो. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मीटर 92 ते 96 दाखवत असताना रक्तातली खरी पातळी 88 च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. आपल्या वॉर्डात हे लक्षात ठेवलेलं बरं. मीटर 94 म्हणतो आणि पेशंट धापा टाकतोय, तर पेशंटवर विश्वास ठेव.

गुणपद्धती सगळ्यांना सारखी लागू नाही, तेही जाणून घे. ती 16 वर्षं आणि त्यावरच्यांसाठी आहे. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना वेगळे चार्ट असतात. बीपी-हृदयाची मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असलेल्या पेशंटची नाडी वाढायला हवी तेव्हाही वाढत नाही. चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसं गेलेल्या काही पेशंटांना सॅच्युरेशनचं लक्ष्य 88 ते 92 ठेवतात, पण ते डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून द्यायचं असतं, तू ठरवायचं नाही.

आणि डेंग्यू. पावसाळ्यात तुमच्याकडेही वॉर्ड भरत असतील. तिथे तर नेमकं उलटं घडतं. ताप उतरतो, घरचे हसायला लागतात, ‘सुट्टी कधी’ विचारतात, आणि धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. वरचं बीपी टिकतं आणि खालचं वर चढतं. 100/84 हा आकडा घे. न्यूजमध्ये 100 ला फक्त 2 गुण, कुणी घाबरणार नाही. पण दोन आकड्यांतलं अंतर बघ, 16. ते 20 किंवा त्याखाली आलं की पेशंट शॉकच्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या, दारात आहे. सोबत पोटात सारखं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा चुळबुळ, यातलं काहीही असलं तर प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट बघत बसू नकोस. आपल्याकडे सगळा वॉर्ड प्लेटलेट-प्लेटलेट करतो आणि बीपीच्या खालच्या आकड्याकडे कुणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तू म्हणशील, एकटी आहे, सगळ्यांचे श्वास दर तासाला पूर्ण मिनिट कसे मोजू? नाही मोजता येणार, आणि मोजायचेही नाहीत. हँडओव्हर घेतानाच संध्याकाळच्या सिस्टरला विचार, ‘आज रात्री कोण बिघडू शकतं?’ ताजं पोटाचं ऑपरेशन, ऑक्सिजनवरचे, आयसीयूतून आजच बाहेर आलेले, ताप उतरलेला डेंग्यू, नुकतीच बाळंत झालेली आणि रक्तस्राव जास्त झालेली. ही चार-पाच नावं हातावर लिही, पहिला राउंड त्यांचाच घे. बेरीज शून्य असलेल्या पेशंटला बारा तासांनी बघितलं तरी चालतं, असं ही पद्धतच सांगते. तिथून वाचलेला वेळ या चार-पाच जणांना दे.

आता फोन. ‘पेशंट अस्वस्थ आहे’ याऐवजी असं बोलून बघ:

‘सर, दुसऱ्या मजल्यावरून सिस्टर बोलतेय. अपेंडिक्स फुटलेले पेशंट, ऑपरेशनची दुसरी रात्र. दहा वाजता नाडी 96, बीपी 118 होतं. आता नाडी 112, बीपी 108, सॅच्युरेशन 97 वरून 94. श्वास पूर्ण मिनिट मोजले, 26 आहेत. मघाशी नीट बोलत होते, आता गोंधळलेत. न्यूज स्कोअर 10 आहे. मला सेप्सिसची भीती वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन लावू का?’

अर्धं मिनिट लागतं. कोण आहे, आधी काय होतं, आता काय झालंय, मला कशाची भीती आहे, तुमच्याकडून काय हवंय. शेवटचं वाक्य गिळू नकोस. ‘तुम्ही यावं’ असं आपण म्हणत नाही, आदराने माहिती देतो आणि वाट बघतो. समोरचा त्याला माहितीच समजतो. फोन झाला की केसपेपरवर वेळ, तू सांगितलेले आकडे आणि मिळालेला निरोप जसाच्या तसा लिही. ते आले नाहीत तर अर्ध्या तासाने परत मोज, परत फोन कर आणि त्यांना सांग की यानंतर मी सर्जनसाहेबांना कळवणार आहे.

ओरड्याचा प्रश्न मात्र रात्री सुटत नाही, तो दिवसा सोडवायचा. अमेरिकेत 1990 साली 64 पेशंटांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, वॉर्डात हृदय बंद पडलेल्यांचा. त्यातल्या 84 टक्क्यांमध्ये आधीच्या आठ तासांत काहीतरी बिघाड किंवा नवी तक्रार नोंदलेली होती. म्हणजे खुणा कागदावर होत्या. मग ऑस्ट्रेलियात 23 हॉस्पिटलांत मोठा प्रयोग झाला, 2005 साली निकाल आला. काही ठिकाणी बिघडणाऱ्या पेशंटकडे धावणारी खास टीम दिली, काही ठिकाणी नाही. फारसा फरक दिसला नाही, आणि त्याचं एक कारण असं होतं, की निकष पुरे होऊनही बऱ्याच पेशंटांसाठी कुणी टीमला बोलावलंच नाही. चार्ट छापले, टीम नेमली, पण फोन करणाऱ्याला भीती वाटत असेल तर सगळं वाया जातं.

तेव्हा इन्चार्ज सिस्टरला सोबत घे आणि मॅडमकडे जा. या पेशंटच्या चार्टची प्रत ने. मागणी दोनच गोष्टींची कर. एक, न्यूजचा कागद प्रत्येक केसपेपरला लावायचा. दोन, 5 झाले किंवा एका खुणेला 3 मिळाले की आरएमओंनी येऊन बघायचं, आणि 7 झाले की सिस्टरने थेट सर्जनला किंवा फिजिशियनला फोन करायचा, कुणाची परवानगी न घेता. यावर मोठ्या डॉक्टरांची सही घे. म्हणजे रात्री दोनला तुझ्या मर्जीने फोन जात नाही, त्यांच्याच सहीने जातो. आरएमओ सरांनाही या बैठकीला बोलाव. त्यांनाही रात्री मोठ्या साहेबांना उठवायची भीती असतेच.

नातेवाइकांचं राहिलं. इंग्लंडमध्ये 2021 साली मार्था मिल्स नावाची 13 वर्षांची मुलगी लंडनच्या हॉस्पिटलात सेप्सिसने गेली. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला मार बसला होता. आईवडील सांगत होते की ही बिघडतेय. वेळेत आयसीयूत नेलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं तिथल्या चौकशीत निघालं. 2024 पासून तिच्या नावाने तिथे नियम लागू होऊ लागला. घरच्यांना काळजी वाटली तर त्यांनी दुसऱ्या टीमकडून तपासणी मागायची, आणि नर्सनेही मागायची. आपल्याकडे तो नियम नाही. पण आपल्याकडे बेडपाशी रात्रभर बसलेलं घरचं माणूस असतं, जे तिकडच्या वॉर्डात सहसा नसतं. प्रत्येक राउंडला त्यांना एवढंच विचार, ‘हे नेहमीसारखे आहेत ना?’ उत्तर ‘नाही’ आलं तर ते शब्द वेळ घालून चार्टवर लिही आणि श्वास मोजायला घे.

मॅडमकडे जाशील तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही शांतपणे दे. दोन वाजताचा फोन तू केला होतास, हे त्यांना माहीत आहे का? नसेल तर सांग. आणि त्या फोनची नोंद केसपेपरवर आहे की नाही, ते जाण्याआधी बघून ठेव. नोंद नसेल तर आता मागची वेळ टाकून लिहू नकोस, जसं घडलं तसं तोंडीच सांग. काय ठरलं ते मला कळव.